झाड सातचा सोंडकिडा

केळुसकरांनी बरणीचं झाकण फिरवून घट्ट केलं, मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाले, "अकरा वाजलेत. चारपर्यंत मऊ होईल. मग पोट उघडून बघू."

"चारला माझा चहा असतो," बाई म्हणाल्या.

"मग चहाबरोबर बघू."

दोघंही हसले. मला हसू आलं नाही. मी त्या बरणीकडे बघत होते. तळाशी ओली वाळू, वाळूवर बशी आणि बशीत कार्डाच्या एवढ्याशा तुकड्यावर चिकटवलेला तो किडा. जेमतेम चार मिलिमीटरचा, तपकिरी, पुढे बारीकशी सोंड. वाळलेला किडा पापडासारखा असतो, नुसता हात लागला तरी मोडतो. म्हणून आतलं काही बघायचं असलं की त्याला असं ओल्या हवेत पाचेक तास ठेवतात. त्याचे सांधे सैल होतात आणि मग काम करता येतं.

ओल्या हवेत आणखीही एक गोष्ट सैल होते. डिंक.

त्या किड्याचं डोकं डिंकानं चिकटवलेलं होतं. ते मी चिकटवलं होतं आणि त्या खोलीत ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

ही गोष्ट शहाऐंशी सालची. पुण्यात एका संस्थेच्या कीटक विभागात मी मदतनीस होते. वय एकतीस, पदरात चार वर्षांची मुलगी, नोकरी हंगामी. सहा वर्षं दर सहा महिन्यांनी मला नवं पत्र मिळायचं आणि दर वेळी मी ते उघडताना देवाचं नाव घ्यायची. विभागाच्या प्रमुख डॉ. इंदुमती सबनीस. त्यांना सगळे बाई म्हणत. त्या महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या आणि जाण्याआधी मला कायम करा अशी शिफारस त्यांनी टंकून घेतली होती. तो कागद त्यांच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये सहीसाठी पडून होता. मी दिवसातून दहा वेळा त्या ट्रेवरून नजर फिरवत असे.

बाईंचा जन्म गेला तो सोंडकिड्यांत. तांदळात होतात ते सोंडकिडे आपण पाखडून फेकून देतो. बाईंचे किडे त्यांचे लांबचे, फार जुन्या घराण्यातले भाऊबंद. हे चीडच्या झाडाच्या फुलांवर जगतात. चीडला म्हणजे आपल्या पाइनला वसंतात नरफुलांचे पिवळे घोस येतात आणि त्यांतून पराग सांडतो तो दोनेक आठवडे. तेवढ्यात हे किडे येतात, खातात, अंडी घालतात आणि दिसेनासे होतात. त्या दोन आठवड्यांत तुम्ही झाडाखाली नसलात तर वर्षभर थांबा. बाई दर मार्चमध्ये कुमाऊँत जायच्या, अल्मोड्याच्या वरच्या एका जंगलात. फांदीखाली काळी छत्री उलटी धरायची आणि काठीनं फांदीला टोले द्यायचे. छत्रीत पिवळी धूळ पडते आणि त्या धुळीत किडे. झाडांना त्यांनी नंबर दिले होते.

त्या वर्षीच्या पुड्या एप्रिलमध्ये माझ्याकडे आल्या. किडे कागदी पुडीतून काढायचे, कार्डाच्या टोकावर चिकटवायचे, टाचणीला लावायचे, खाली चिठ्ठी: कुठला, कोणत्या झाडावरचा, कधीचा. आमच्याकडे दोन नियम देवघरातल्यासारखे पाळले जात. एक, चिठ्ठीशिवाय किडा ठेवायचा नाही. बाई म्हणायच्या, चिठ्ठी नसेल तर तो किडा नाही, कचरा आहे. आणि दुसरा, पुडी उघडताना पंखा लावायचा नाही.

मे महिना होता. अंगाची काहिली होत होती. बाई मीटिंगला गेल्या होत्या. मी झाड सातची पुडी उघडली आणि एक मिनिटभर, खरंच एकच मिनिट, पंखा लावला.

पुडी उडून खाली गेली. मी गुडघ्यांवर बसून फरशी विंचरून काढली. दोन धडं सापडली आणि एक डोकं. दुसरं डोकं गेलं ते गेलंच. धडांपैकी एक अखंड होतं. दुसऱ्याचा पाय मोडलेला, पाठीचं कवच तडकलेलं. पुडीवर बाईंनी झाड आणि तारीख लिहिली होती, किडे किती ते लिहायचं राहिलं होतं. म्हणजे किती होते हे मलाच ठाऊक. मी ते डोकं चांगल्या दिसणाऱ्या धडाला डिंकानं चिकटवलं. डोकं त्याचंच असेल असं मनाशी म्हटलं. निम्मी शक्यता तर होतीच. किडा चिकटवून दुरुस्त करणं हा काही गुन्हा नव्हता, सगळेच करतात. फक्त खाली तशी चिठ्ठी लावावी लागते. ती मी लावली नाही, कारण लावली असती तर कसं मोडलं हे सांगावं लागलं असतं.

मोडकं धड मी होमिओपॅथीच्या चिमुकल्या बाटलीत घातलं आणि खणात अगदी मागे सारलं.

ऑगस्टमध्ये बाईंनी मला हाक मारली. आवाज नेहमीचा नव्हता. सूक्ष्मदर्शकावरून त्या उठल्या आणि मला म्हणाल्या, "शालन, बस इथे. बघ."

मी बघितलं. झाड सात.

"सोंड बघ. मिशा कुठून निघाल्यात बघ. आता धड बघ. ही सोंड या धडावर असूच शकत नाही. मला गेले चार दिवस झोप नाही."

"मग?"

"मग काय? नवी प्रजाती आहे ही. नवी जात नव्हे गं. जात म्हणजे घरात आलेलं नवं मूल. हे नवं घरच आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "पस्तीस वर्षं छत्री झोडपली, त्याचं हे."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. जीभ उचलली नाही. ही सोंड या धडावर असूच शकत नाही, हे त्यांचं वाक्य माझ्या कानात बसलं ते दिवसरात्र वाजत राहिलं. एका ओळखीच्या किड्याचं डोकं दुसऱ्या ओळखीच्या किड्याच्या धडावर मी बसवलं होतं आणि बाई त्यावर निबंध लिहीत होत्या. त्यातली चित्रंही मीच काढली. मन लावून काढली, हे सांगायला आजही लाज वाटते.

निबंध छापायला जाण्याआधी केळुसकरांनी किडा डोळ्यांखालून घालावा अशी बाईंचीच इच्छा होती. दोघं एकाच गुरूंचे विद्यार्थी. डॉ. केळुसकर मूळचे मालवणकडचे, हयात उत्तरेत गेलेली. माणूस प्रेमळ, पण किड्याच्या बाबतीत सख्ख्या भावालाही सोडणार नाही. तर आता तो किडा बरणीत होता आणि अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बारापर्यंत मी चिठ्ठ्या लिहीत बसले. चार बिघडवल्या. साडेबाराला बाईंनी विचारलं, "शालन, बरं नाही का तुला?"

"उकडतंय," मी म्हटलं. डिसेंबर होता.

एक वाजता दोघं जेवायला गेले. जाताना बाईंनी ट्रेमधला माझा कागद उचलला, उभ्याउभ्या सही केली आणि म्हणाल्या, "हे पांडबाच्या हाती ऑफिसात पाठव. एक काम झालं."

त्या गेल्यावर मी बरणीपाशी गेले. काचेला नाक लावून बघितलं. डोकं किंचित कललं होतं. झाकण उघडावं, किडा काढावा, वाळवून पुन्हा चिकटवावा असं मनात आलं. पण केळुसकरांना ओला डिंक दिसला असता तर संपलंच.

मी स्वतःला समजावलं, की डोकं पडलं तर पडू दे. प्रवासात मोडलं असेल, कुणी तरी चिकटवलं असेल, बाईंचाच हात लागला असेल. त्याला शंभर उत्तरं आहेत. पण खणात दुसरं धड सापडलं तर त्याला उत्तर नाही. मग ती चूक राहत नाही, लबाडी होते. सही झालेला कागद अजून माझ्या हातात होता.

खण उघडला. बाटली काढली. कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन बूच काढलं आणि बाटली उपडी केली. ते धड पांढऱ्या चिनी मातीवर पडलं, तांदळाच्या कणीएवढं. मी नळ सोडला. ते गोल फिरलं आणि जाळीतून गेलं. बाटली मी टोपलीत कागदांखाली टाकली. मग आमचे शिपाई पांडबामामा, त्यांना हाक मारून कागद दिला आणि डबा उघडला. तो तसाच बंद केला.

चारला पांडबामामांनी चहा आणून ठेवला. केळुसकरांनी बरणी उघडली, बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, सुई हातात घेतली. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होते.

"अरेच्चा," ते म्हणाले.

बाईंनी कप खाली ठेवला. "काय झालं?"

"डोकं सुटून आलं, सबनीसबाई. मी सुई लावायच्या आत." ते थोडा वेळ वाकून बघत राहिले. "डिंक आहे इथे. चिकटवलेलं होतं हे." त्यांनी टाचणीवरच्या चिठ्ठ्या उलटून बघितल्या. "आणि दुरुस्तीची चिठ्ठी नाही. कुणी चिकटवलं?"

विभागात किडे चिकटवायचं काम एकच माणूस करतं, हे केळुसकरांना माहीत नसेल, बाईंना होतं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"मी," बाई म्हणाल्या. "मी चिकटवलं. चिठ्ठी लावायची राहिली."

"तुमच्याकडून?"

"माझ्याकडून."

केळुसकर पुन्हा वाकले. सुईनं त्यांनी डोकं उचललं, धडाच्या मानेशी नेऊन बघितलं, बाजूला ठेवलं, पुन्हा नेलं. मग सरळ बसून त्यांनी हातरुमालानं कपाळ टिपलं.

"बाई, मान बसत नाही. हे डोकं या धडाचं नव्हेच. धड तर तुमच्या नेहमीच्याच किड्याचं आहे, तुमच्याकडे शंभर असतील. तुमची प्रजाती..." ते थांबले. "मला फार वाईट वाटतंय हो."

बाईंचा चेहरा मी बघितला नाही. मला बघवलाच नाही. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून बारा मिनिटं झाली होती, एवढं आठवतं. मनात मात्र एक नीच सुटका होती, की झालं ते झालं, आता याच्यापुढे काही नाही. दोन साधे किडे होते, त्यांचा घोटाळा झाला, एक निबंध फाटेल आणि बाई महिनाअखेरीस घरी जातील.

"एक मिनिट," केळुसकर म्हणाले.

त्यांनी नवं भिंग लावलं. डोकं उताणं केलं, सोंडेचं टोक वर. असं उताणं ते आजवर कुणीच बघितलं नव्हतं, कारण खालची बाजू धडाच्या आणि डिंकाच्या आड होती. ते बघत राहिले. त्यांचा चहा गार झाला. साय धरली.

"सबनीसबाई, इकडे या."

बाई उठल्या. वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.

"वरून बघितलं तर ओळखीचं वाटतं," केळुसकर हळू आवाजात म्हणाले. "हे खालून बघा. हा ओठ बघा. असं डोकं मी चाळीस वर्षांत बघितलेलं नाही. तुम्ही?"

"नाही."

"म्हणजे तुमचं बरोबर होतं. नवीनच आहे हे. फक्त धड चुकीचं होतं. नुसत्या डोक्यावर मी नाव देऊ देणार नाही, तुम्हीही देणार नाही. पण याचं धड मिळालं..." ते एकदम उभे राहिले. "धड कुठाय याचं? पुडीत दुसरा किडा असणारच. डोकं काही एकटं चालत आलं नाही."

"पुडीवर मी नग लिहिले नव्हते," बाई म्हणाल्या. "ती माझी चूक." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज शांत होता, नेहमी चिठ्ठी मागताना असतो तसा. "शालन, झाड सातच्या पुडीत आणखी काही होतं का गं?"

बेसिन माझ्यापासून चार पावलांवर होतं. बेसिनखालच्या नळीला वाक असतो, वाकात पाणी साठून राहतं, त्यात पडलेली वस्तू लगेच पुढे जात नाही. हे सगळं मला त्या क्षणी ठाऊक होतं. हो म्हटलं असतं तर पांडबामामांनी पान्यानं पाच मिनिटांत नळी खोलली असती. पण ते म्हणताना खण, बाटली, पंखा, सात महिने, सगळं त्यात आलं असतं, आणि बाईंनी माझ्यासाठी आत्ताच उच्चारलेलं ते खोटंही केळुसकरांपुढे उघडं पडलं असतं. हे शेवटचं कारण मी नंतर शोधलं असावं. खरं कारण साधं आहे. मी घाबरले होते.

"नाही बाई," मी म्हटलं. "एवढंच होतं."

बाईंनी मान हलवली. पांडबामामा आत आले, तिघांचे कप उचलले आणि बेसिनवर नेऊन खळखळून धुतले. मी ते पाणी वाहताना ऐकत उभी राहिले.

जाण्याआधी बाईंनी नवी चिठ्ठी स्वतः लिहिली. डोकं वेगळ्या कार्डावर वेगळ्या टाचणीला लावलं आणि खाली तारखेसह चिठ्ठी: झाड ७. डोके खरे. धड मिळायचे आहे. सही केली. निबंध मागे घेतला. केळुसकरांनी कुठे वाच्यता केली नाही, पण पस्तीस वर्षं काम केलेल्या बाई शेवटच्या महिन्यात चुकीचं डोकं चिकटवून बसल्या, हे या ना त्या वाटेनं सगळीकडे पोचलंच. त्यांच्या निरोपाच्या भाषणात एकानं त्यावर कोटीही केली. बाई हसल्या. मी तेव्हा कायम झालेली होते.

शेवटच्या दिवशी खोलीची किल्ली देताना त्यांनी मला छत्री दिली. तीच काळी, दांडा सोलवटलेली.

"माझे गुडघे आता चढत नाहीत," त्या म्हणाल्या. "मार्चमध्ये तू जात जा. सातपासून सुरुवात कर."

मी गेले. दर मार्चला रजा टाकून गेले. घरातल्या लोकांनी आधी विचारलं, मग चिडले, मग सोडून दिलं. सात नंबरचं झाड, मग आजूबाजूची, मग पलीकडच्या डोंगरावरची. किडे खूप मिळाले. आल्या आल्या मी पुड्या घेऊन बाईंच्या घरी जायची. त्या खिडकीपाशी बसून भिंगातून एकेक बघायच्या आणि म्हणायच्या, "नाही. पुढच्या वर्षी."

नवव्या वर्षी बाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. भिंग डोळ्यापाशी नेऊनही त्यांना नीट दिसत नव्हतं. तरी त्या एकेक पुडी उलगडत होत्या. मला ते असह्य झालं.

"बाई, त्या पुडीत दुसरा किडा होता," मी म्हटलं.

त्यांनी भिंग खाली ठेवलं नाही. "हो."

"मी तो बेसिनमध्ये टाकला. तुम्ही जेवायला गेला होता तेव्हा."

"तेही माहीत आहे."

त्या उठल्या. कपाटातून शिवणाचा डबा काढला, बटणं, रिळं बाजूला केली आणि एक वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. होमिओपॅथीची रिकामी बाटली. तिला दोऱ्यानं बांधलेली इवलीशी चिठ्ठी. अक्षर माझं: झाड ७. चीड. १९ मार्च. डोके नाही.

मी बघतच राहिले. लपवायचा पुरावा लपवतानाही मी त्याला चिठ्ठी लावली होती. कधी लावली ते मला आठवतही नव्हतं.

"हरवलेला किडा आधी टोपलीत शोधायचा," बाई म्हणाल्या. "तू त्या दिवशी घरी गेलीस आणि मी टोपली उपसली. मग पांडबाला नळी खोलायला लावली. चहापत्ती निघाली नुसती."

मला रडू फुटलं. "मग मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं होतं की. चार वाजता."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्यांनी पुढची पुडी उलगडली आणि कागदावर बोट फिरवून किडे चाचपले.

"ही चिठ्ठी नसती तर मला काही कळलं नसतं," त्या म्हणाल्या. "आणि कळलं नसतं, तर छत्री मी दुसऱ्या कुणाला तरी दिली असती. जो पहिल्या दोन-तीन वर्षांत कंटाळला असता."

बाई जाऊन आता पंधरा वर्षं झाली. संस्थेच्या खणात ते डोकं अजून त्याच टाचणीवर आहे, खाली बाईंची चिठ्ठी आहे. बाटली माझ्याकडे असते. मार्चमध्ये चीडखाली छत्री उलटी धरली की ती मी जवळ ठेवते. माझेही गुडघे आता कुरकुरतात, फांदीला टोले मारताना खांदा भरून येतो, आणि छत्रीत पिवळी धूळ पडली की अजूनही छातीत धडधडतं. बाटली रिकामी आहे. तिच्यावरची चिठ्ठी मी काढलेली नाही.